बर्डॉकचे मूळ: ताटात मोकळेपणाने, काढ्यात जपून

जपानमध्ये राहून आलेल्या मुलीच्या सांगण्यावरून आपण गोबोच्या गोठवलेल्या कापांचे पाकीट आणले. गोबो म्हणजेच बर्डॉकचे मूळ हे कळल्यावर वाळवलेल्या मुळाचे आणखी एक पाकीट ऑनलाइन मागवले. आता यजमानांचा मधुमेह, सासूबाईंचे गुडघे आणि आपल्या चेहऱ्यावरचे पुरळ या तिन्हींसाठी त्याचा काढा द्यावा का, गोबोची भाजी कशी करावी आणि पुण्यात गच्चीवर हे झाड लावता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे मत आधीच सांगते. गोठवलेल्या गोबोची भाजी आजच करायला हरकत नाही. वाळलेल्या मुळाचे पाकीट मात्र पुढे सांगितलेली खात्री होईपर्यंत वापरू नका. हे मूळ मुळात उत्तम भाजी आहे आणि औषध म्हणून ते सौम्य आहे. त्याच्याकडून भाजीइतकी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होत नाही, पण तीन आजारांवरचा एकच उतारा म्हणून त्याकडे पाहिले, तर नुकसान होण्याची शक्यता असते.

बर्डॉक, म्हणजे आर्क्टियम लाप्पा, ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन वर्षांत आयुष्य पुरे करणारी वनस्पती आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठ्या हृदयाकृती पानांचा झुबका येतो आणि खाली सरळसोट मूळ उतरते. दुसऱ्या वर्षी माणसाएवढा दांडा वर येऊन त्याला जांभळट फुले आणि आकडेदार बोंडे धरतात. खाण्यासाठी आणि औषधासाठी मूळ काढायचे ते दांडा फुटण्यापूर्वी, कारण नंतर ते लाकडासारखे होते. ही वनस्पती युरोप आणि आशियाच्या थंड प्रदेशांतली आहे आणि आपल्याकडे काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या हिमालयात रानटी वाढते. पुण्याच्या आसपास ती रानात उगवत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नदीकाठी आणि पडीक जागांवर आपल्याकडे जे आकडेदार फळांचे झुडूप माजते, ज्याची फळे धोतराला आणि शेळ्यांच्या केसांना चिकटतात, ते लांडगा किंवा शंकेश्वर म्हणजे झँथियम आहे. फळांच्या सारखेपणावरून त्यालाच बर्डॉक समजणारे लोक मला भेटले आहेत. लांडग्याच्या बिया आणि कोवळी रोपे यकृताला घातक विष बाळगतात. बांगलादेशातील सिल्हेट भागात 2007 साली पुराच्या दिवसांत पालेभाजी म्हणून ती रोपे खाल्ल्याने माणसे दगावली होती. त्यामुळे चित्र पाहून रानातून मूळ खणून आणण्याचा विचार पुण्यात कोणीही करू नये.

आता आपल्या वाळलेल्या पाकिटाविषयी. ताजा गोबो ओळखण्यात चूक होणे कठीण आहे, पण वाळवून तुकडे केलेले मूळ हे दुसऱ्या पुष्कळ मुळांसारखे दिसते. अमेरिकेत बर्डॉकचा चहा म्हणून विकत घेतलेल्या मालात बेलाडोना या विषारी वनस्पतीतली अल्कलॉइडे निघाल्याची आणि तो पिणाऱ्यांना विषबाधा झाल्याची प्रकरणे 1970 च्या दशकात नोंदली गेली. त्यांतले एक 1978 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापले गेले. तोंडाला कोरड पडणे, बाहुल्या मोठ्या होऊन नजर धूसर होणे, छातीत धडधड, लघवी अडकणे, असंबद्ध बोलणे आणि भास होणे ही त्या विषबाधेची लक्षणे आहेत. आपल्याला ही गोष्ट दूरची वाटेल, पण भारतीय बेलाडोना, म्हणजे अट्रोपा अक्युमिनाटा, काश्मीर आणि हिमाचलच्या त्याच डोंगराळ पट्ट्यात वाढते जिथे रानटी बर्डॉक वाढते, आणि रानातून मुळे गोळा करून वाळवणाऱ्यांच्या ढिगात दोन्ही एकत्र येणे अशक्य नाही.

यावर एक साधी तपासणी आहे. सूर्यफुलाच्या कुळातल्या मुळांत अन्नसाठा इन्यूलिन या तंतुमय कर्बोदकाच्या रूपात असतो. बर्डॉकच्या मुळात पिष्ट, म्हणजे स्टार्च, जवळजवळ नसते. बेलाडोनाच्या मुळात ते भरपूर असते. पाकिटाच्या वेगवेगळ्या भागांतले तुकडे घेऊन, कुटून, थोड्या पाण्यात उकळावेत, पाणी पूर्ण गार होऊ द्यावे, कारण गरम पाण्यात रंग उमटत नाही, आणि मग त्यात आयोडीनच्या द्रावाचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर ते पाकीट फेकून द्यावे. रंग आला नाही, तर एक मोठी शंका दूर झाली एवढाच अर्थ घ्यावा, कारण स्टार्च नसलेली दुसरी मुळेही मिसळलेली असू शकतात. तुकडा मोडून पाहणेही उपयोगी पडते: बर्डॉकचा तुकडा बाहेरून राखाडी-तपकिरी, उभ्या सुरकुत्यांचा आणि आतून फिकट, मध्यभागी काहीसा स्पंजासारखा असतो, तर बेलाडोनाचे मूळ कटकन तुटते आणि त्यातून पिठूळ धूळ उडते. ओळखीसाठी चव मात्र घेऊन पाहू नये. विक्रेत्याकडे त्या विशिष्ट लॉटच्या प्रयोगशाळेतील तपासणीचा दाखला मागावा. तो देता येत नसेल, तर पैसे गेले असे समजून पाकीट बाजूला ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

समजा, माल खरा निघाला. मग त्याचा उपयोग किती? वैद्य म्हणून प्रथम हे सांगितले पाहिजे की चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत ही वनस्पती नाही. ऑनलाइन विक्रीच्या मजकुरात तिला आयुर्वेदोक्त रक्तशोधक म्हटलेले दिसते, त्याला ग्रंथाधार नाही. चवीवरून तिला तिक्त-मधुर म्हणता येईल, पण ते आजचे अनुमान आहे. युरोपात आणि चीनमध्ये मात्र तिचा वापर जुना आहे. चिनी वैद्यकात प्रामुख्याने बी वापरतात, तेही घसादुखी आणि तापाच्या सुरुवातीच्या अवस्थेत. युरोपात मूळ त्वचेच्या आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी वापरले गेले. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने मुळाचे तीनच पारंपरिक उपयोग मान्य केले आहेत: मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत लघवीचे प्रमाण वाढवण्यासाठी पूरक म्हणून, भूक तात्पुरती मंदावली असता, आणि तेलकट त्वचेच्या खवले धरणाऱ्या विकारांत. ही मान्यताही दीर्घकाळच्या वापरावर आधारलेली आहे, रुग्णांवरील भक्कम चाचण्यांवर नव्हे.

यजमानांच्या मधुमेहासाठी काढा देऊ नये, असे मी म्हणेन. रक्तातील साखर कमी झाल्याचे जे निष्कर्ष सांगितले जातात ते बहुतांशी उंदरांवरच्या प्रयोगांचे आहेत, आणि यजमान आधीच गोळ्या घेत असतील तर एका अनिश्चित परिणामाची भर घातल्याने डॉक्टरांचा अंदाज चुकू शकतो. भाजी म्हणून मात्र गोबो त्यांच्या ताटात बटाट्यापेक्षा केव्हाही बरा. 100 ग्रॅम कच्च्या मुळात साधारण 17 ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे 70 कॅलरी असतात, पण त्या कर्बोदकांचा मोठा भाग इन्यूलिन असतो, जे आपल्या लहान आतड्यात पचत नाही आणि साखर होऊन रक्तात उतरत नाही. ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले उपकारक जिवाणू त्यावर वाढतात. हेच इन्यूलिन 1804 साली व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या पुष्करमुळाच्या युरोपीय भावंडाच्या मुळातून प्रथम वेगळे केले होते. जिवाणूंच्या या कामात वायू तयार होतो, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या दिवशी वाटीभर भाजी खाल्ली तर पोट फुगते. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. ज्यांना कांदा-लसणाने पोटात गुबारा धरतो, त्यांना गोबोनेही तोच त्रास होण्याचा संभव असतो, कारण घटक त्याच जातीचा आहे.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी थोडा अधिक आधार आहे. इराणमध्ये गुडघ्यांच्या संधिवाताच्या 36 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत सहा आठवडे रोज तीन कप बर्डॉक-मुळाचा चहा दिला गेला आणि रक्तातील दाहाचे काही निर्देशक कमी झाल्याचे आढळले. चाचणी लहान होती आणि औषधे चालूच होती, त्यामुळे गोळ्या बंद करून चहा सुरू करावा असा अर्थ त्यातून निघत नाही. त्यांचे मूत्रपिंड आणि हृदय ठीक असेल, पायांवर सूज नसेल आणि रक्त पातळ करणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू नसतील, तर 2 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर भरड, दीड कप पाण्यात मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळून दिवसातून एकदा देऊन पाहावी. चार-सहा आठवड्यांत फरक वाटला नाही तर थांबावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तसेच 18 वर्षांखालील मुलांना हा काढा देऊ नये.

आपल्या पुरळासाठी मी बर्डॉकचा आग्रह धरणार नाही. चरकाच्या वर्ण्य गणात, म्हणजे त्वचेचा वर्ण सुधारणाऱ्या औषधांच्या गटात, मंजिष्ठा आणि सारिवा म्हणजेच उपळसरी दोन्ही आहेत. उपळसरी पुण्यात कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, ती ओळखणारी माणसे आपल्याकडे आहेत आणि तिची मात्रा ठरवण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. इतक्या जवळचे औषध असताना अनोळखी वाळलेले मूळ दुरून मागवण्याचे कारण मला दिसत नाही. रशियात केसांसाठी बर्डॉकचे तेल घरोघरी वापरतात. ते मूळ तेलात मुरवून केलेले असते आणि मालिशसाठी चांगले असेल, पण त्याने केस उगवतात असे सिद्ध झालेले नाही. कर्करोगावर बर्डॉकयुक्त काढे सुचवणारे लोकही भेटतात. कॅनडातील परिचारिका रेने केस यांनी 1920 च्या दशकात प्रसृत केलेल्या मिश्रणात हे मूळ होते आणि आजही ते विकले जाते, पण त्याचा कर्करोगावर उपयोग होतो असा पुरावा नाही. अशा काढ्यापायी उपचार लांबवलेला रुग्ण पाहणे फार क्लेशदायक असते, म्हणून याबाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही.

पुणेकरांसाठी एक इशारा वेगळा द्यावा लागतो. गाजरगवत भारतात प्रथम नोंदले गेले ते पुण्यातच, 1950 च्या दशकाच्या मध्यावर, आणि त्याच्या ॲलर्जीने हात, मान आणि पापण्या खाजून काळवंडलेले रुग्ण इथे आजही येतात. गाजरगवत, शेवंती आणि बर्डॉक एकाच कुळातली आहेत, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असू शकते. गोबो खाल्ल्यावर तीव्र ॲलर्जी आल्याचे विरळ प्रकार जपानमध्येही नोंदलेले आहेत. आपल्या घरात कोणाला गाजरगवताचा किंवा शेवंतीचा त्रास असेल, तर त्यांनी काढा टाळावा आणि भाजीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आता स्वयंपाकाकडे वळते, कारण या मुळाचे खरे मोठेपण तिथेच आहे. चीनमधून औषध म्हणून आलेली ही वनस्पती जपानने भाजी म्हणून वाढवली, आणि जपान व कोरियाइतकी ती रोजच्या जेवणात क्वचितच कुठे असेल. तिला मातीचा, किंचित गोडसर, लाकडी वास असतो आणि शिजल्यावरही दाताखाली कुरकुरीतपणा टिकतो. ताजा गोबो मिळाला तर साल सोलू नका. बहुतेक वास सालीत आणि तिच्या लगतच्या भागात असतो. काथ्याने घासून माती काढावी किंवा सुरीच्या पाठीने हलके खरवडावे, एवढे पुरे. चिरताच तो वांग्यासारखा काळा पडतो, म्हणून काप लगेच पाण्यात टाकावेत, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत. पाणी तपकिरी होते ते त्यातल्या पॉलिफेनॉलांमुळे, आणि वारंवार पाणी बदलले की रंगाबरोबर चवही निघून जाते. पांढरेशुभ्र काप हवेच असतील तर पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. खाण्याचा सोडा मात्र अजिबात घालू नये. काप हिरवट होतात. लोखंडी कढईतही रंग काळपट येतो, तेव्हा स्टीलची किंवा जाड बुडाची दुसरी कढई घ्यावी. आपल्याकडचे गोठवलेले काप बहुधा आधीच थोडे उकडलेले असतात. ते वितळू न देता थेट कढईत टाकावेत, नाहीतर पाणी सुटून मऊ पडतात.

पहिल्यांदा जपानी पद्धतीची किन्पिराच करून पाहा, म्हणजे मूळ चव कळेल. 200 ग्रॅम गोबो आणि एक गाजर काडेपेटीच्या काड्यांएवढे लांबट चिरावे. मोठ्या आचेवर एक मोठा चमचा तिळाच्या तेलात एक सुकी लाल मिरची आणि गोबो तीन-चार मिनिटे परतावा, मग गाजर घालून आणखी दोन मिनिटे परतावे. त्यात दीड मोठा चमचा सोया सॉस आणि, मिरिन हे तांदळाचे गोड जपानी मद्य नसेल तर, दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवलेला चमचाभर गूळ घालून पाणी आटेपर्यंत हलवत राहावे; वरून भाजलेले तीळ पेरावेत. मीठ वेगळे घालू नये, कारण एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमांहून अधिक मिठाइतके सोडियम असते. रक्तदाब असेल तर सॉस निम्मा करावा, आणि यजमानांच्या वाटणीत गूळ नसला तरी चालेल, गाजराचा गोडवा पुरतो.

मराठी हाताने करायचे तर मसाला आवरावा लागतो. गरम मसाला किंवा गोडा मसाला सढळ हाताने घातला की या मुळाचा वास पार हरवतो आणि मग सुरण काय आणि गोबो काय, फरक राहत नाही. मोहरी-हिंगाची फोडणी, एखादी हिरवी मिरची, थोडे तिळाचे कूट आणि शेवटी ओले खोबरे, एवढ्यावर त्याची सुकी भाजी फार सुरेख होते. खोबऱ्याऐवजी दाण्याचे कूट घातले तर भाजी जड होते, मला ते रुचत नाही. तिरके पातळ काप पाच मिनिटे उकडून, हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर काप परततात तसे परतले, तर मुले आवडीने खातात. गोबो आणि कांद्याच्या पातळ काड्यांची, पीठ अगदी जेमतेम धरेल इतपत घालून केलेली भजी पावसाळ्यात करावीत. जपानी लोक गोबोचे तासलेले काप तांदळाबरोबरच शिजवतात; आपल्या आंबेमोहोराबरोबर तसा भात केला आणि वर साजूक तूप घेतले तर वेगळ्या मसाल्याची गरजच उरत नाही. मांसाहार करणाऱ्यांनी मटणाच्या पातळ रश्श्यात घालून पाहावा. मांसाचा उग्र वास तो ओढून घेतो, आणि जपानमध्ये डुकराच्या मांसाच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये तो याच कारणासाठी घालतात. चिंच-गुळाच्या आमटीत मात्र मला तो कधी आवडला नाही, आंबटपणात तो कोरडा आणि एकाकी वाटतो.

चहाच हवा असेल तर खात्रीच्या ताज्या मुळापासून घरी करावा. साल न काढता पातळ चकत्या किंवा तासकाप करून, पाण्यात न भिजवता, मार्च-एप्रिलच्या उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावेत आणि मग कोरड्या कढईत मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत भाजावेत. पावसाळ्यात हा उद्योग करू नये, बुरशी धरते. चिमूटभर काप कपभर उकळत्या पाण्यात पाच मिनिटे झाकून ठेवले की भाजलेल्या धान्यासारख्या वासाचा, कॅफीन नसलेला चहा तयार होतो. कोरियात असा चहा जेवणाबरोबर सहज पितात, आणि संध्याकाळी चहाची तलफ आल्यावर झोपेची काळजी असणाऱ्यांसाठी तो खरोखर चांगला पर्याय आहे.

लागवडीचे सांगायचे तर पुण्यात ती जमते, पण आपल्या काळ्या मातीत नाही. मूळ सरळ खाली दोन-अडीच फूट जाते, आणि चिकट किंवा दगडगोट्यांच्या जमिनीत ते फाटे फोडते. गच्चीवर उंच ग्रो-बॅग किंवा एकावर एक बसवलेली दोन बुडे काढलेली पिंपे घ्यावीत. त्यांत वाळू, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून भरावे. ताजे शेणखत घातले तरी मुळाला फाटे फुटतात. जागा कमी असेल तर 30 ते 40 सेंटीमीटरच्या आखूड जातींचे बी शोधावे. परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, बी रात्रभर भिजवून जागच्या जागीच पेरावे, कारण रोप उपटून लावले की मुख्य मूळ दुखावते. बी उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. थंडीत पानांवर मावा पडतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मूळ बोटाएवढे जाड झाले की उन्हाळा तापण्याआधी काढून घ्यावे. त्यासाठी उपटण्यापेक्षा पिशवीची एक बाजू वरपासून खालपर्यंत चिरून माती मोकळी करावी, म्हणजे मूळ तुटत नाही. ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यास ते दोन-तीन आठवडे चांगले राहते. एखादे रोप बियांसाठी दुसऱ्या वर्षापर्यंत ठेवले, तर बोंडे वाळून फुटण्याआधी हातमोजे आणि चष्मा घालून कापावीत, कारण त्यांतले बारीक केस डोळ्यांत गेले तर बुबुळाला इजा करतात आणि ते काढण्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते.